नाथांचा चेंजलॉग

औरंगपुऱ्यात वाढलेल्या माणसाला दोन ठिकाणं वेगळी सांगावी लागत नाहीत: पुस्तकांची दुकानं आणि नाथ मंदिर. पहिल्या ठिकाणी शाळा-कॉलेज सुरू होताना जायचं, दुसऱ्या ठिकाणी नाथषष्ठीला. गेलं वर्षभर मी शनिवार-रविवारी एक उद्योग करतोय. त्याचा इतिहास खणायला घेतला, तर ही दोन्ही ठिकाणं आपोआप त्यात येऊन बसली. त्यामुळे आजचा लेख जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

उद्योग म्हणजे फार काही नाही. आपण आयटीवाले दिवसभर कुठलं ना कुठलं डॉक्युमेंटेशन वाचत असतो. कधी लायब्ररीचं, कधी डेटाबेसचं, कधी लिनक्सच्या एखाद्या कमांडचं. यातलं पुष्कळसं आता सार्वजनिक असतं. कुणीही वाचावं आणि चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती पाठवावी. मी पाठवतो. कधी एक शब्द, कधी एखादं उदाहरण, कधी मधली सुटलेली पायरी. मित्रांचे प्रश्न ठरलेले आहेत. "पैसे मिळतात का?" नाही. "रेझ्युमेवर वजन पडतं का?" फारसं नाही. "मग कशाला रे?"

हा 'कशाला' मला बरेच दिवस टोचत होता. कोड लिहिणाऱ्याला मान असतो. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरात 'सेकंद'चं 'मिलिसेकंद' करणाऱ्याला कसला मान? पण मंडळी, आपल्या मराठवाड्यातलं सगळ्यात नावाजलेलं दुरुस्तीचं काम चारशे चाळीस वर्षांपूर्वी झालंय, आणि ते करणाऱ्याचं मंदिर आमच्या औरंगपुऱ्यात आहे.

शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. छापखाना नव्हता, त्यामुळे ज्याला ग्रंथ हवा त्याने नक्कल करायची किंवा लहियाकडून करवून घ्यायची. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल. आता नक्कल करणारा माणूस काही यंत्र नव्हे. एखादा जुना शब्द त्याला कळत नाही, तो ओळखीचा शब्द घालून मोकळा होतो. एखादं अक्षर पुसट असतं, तिथे अंदाज लावतो. आणि कुणाला स्वतःचीच एक झकास ओवी सुचते, ती तो मध्ये बसवून देतो. यातला कुणी दुष्ट नव्हता. बहुतेक सगळे भक्तच असणार. तरी जवळजवळ तीनशे वर्षांत प्रतींमध्ये फरक पडत गेले.

पैठणच्या एकनाथांनी हे काम हातात घेतलं. आळंदीला समाधीत ज्ञानदेवांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागत होती आणि ती काढायला त्यांनी नाथांना स्वप्नात येऊन बोलावलं, अशी परंपरेतली कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी कामाची नोंद आहे. शुद्ध केलेल्या प्रतीच्या शेवटी नाथांनी स्वतःच्या थोड्या ओव्या जोडल्या. त्यांत काय आहे ते जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. तारीख: शके १५०६, तारण नाम संवत्सर, भाद्रपदातली कपिलाषष्ठी. म्हणजे इसवी सन १५८४. ठिकाण: गोदातीरावरचं प्रतिष्ठान, आपलं पैठण. कुणी केलं: एका जनार्दन. का केलं: ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण निरनिराळ्या पाठांमुळे त्यात शुद्ध-अशुद्ध मिसळलं, ते शोधून ही प्रत सिद्ध केली. आणि सगळ्यात शेवटी पुढच्यांना ताकीद: यात कुणी आपली ओवी घालू नका.

हा चक्क कमिट मेसेज आहे! तारीख, नाव, कारण आणि वर पुढच्या लोकांसाठी नियम. आजकाल निम्म्या कमिटवर 'फिक्स्ड' एवढा एकच शब्द असतो, त्या मानाने १५८४ ची शिस्त बरीच बरी म्हणायची :-)

मला त्यातली ताकीद सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती देणारा माणूस स्वतः केवढा मोठा कवी. एकनाथी भागवत त्याचं, भावार्थ रामायण त्याचं, भारुडं त्याची. त्याला ओव्या सुचत नव्हत्या असं थोडंच आहे? तरी दुसऱ्याच्या ग्रंथात हात घालताना आपली कविता दाराबाहेर ठेवायची, हा नियम त्याने आधी स्वतःला लावला. स्वतःच्या ओव्या लिहिल्या त्या शेवटी, वेगळ्या आणि नाव घालून.

पण एक प्रश्न उरतोच. नाथांनी नेमकं बदललं काय? कुठली ओवी काढली, कुठला शब्द कुठल्या पोथीवरून घेतला? त्याची यादी कुठे नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मेसेज आहे, डिफ नाही. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बीडकडे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ही प्रत नाथांच्याही आधीची आहे असं मांडलं. त्या पोथीच्या भाषेवरून त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. झालं, वाद सुरू! पोथी खरंच तेवढी जुनी आहे का? प्रमाण कुठली धरायची, नाथांची की ही? वारकऱ्यांच्या घरात नाथांची परंपरा चालत राहिली, अभ्यासक दोन्ही प्रती शेजारी ठेवून बसले. यात नाथांना दोष देण्यात अर्थ नाही. टाकलेला प्रत्येक पाठ जपून ठेवायचा तर त्या काळी ज्ञानेश्वरीएवढीच आणखी एक पोथी लिहावी लागली असती.

तसली पोथी पुढे खरंच लिहिली गेली, पण वेगळ्या ग्रंथाची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले, काम मात्र चालू राहिलं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. १,२५९ हस्तलिखितं, १९ खंड. पद्धत अशी, की एकेक श्लोक कागदावर मांडायचा आणि वेगवेगळ्या लिप्यांमधल्या पोथ्यांत जिथे जिथे अक्षर वेगळं असेल ते त्याच्याखाली नोंदवायचं. छापलेल्या पानावर वर निवडलेला पाठ असतो, आणि खाली न घेतलेले पाठ, कुठल्या पोथीत काय आहे त्याच्या खुणांसकट. जिथे संपादकांचीच खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ! म्हणजे संपादकाशी भांडायचं सगळं सामान संपादकानेच वाचकाच्या हातात दिलंय. नाथांच्या कामात जो डिफ नव्हता, तो हा. फक्त त्याला ४७ वर्षं लागली.

आता पुस्तकांच्या दुकानांकडे येतो. इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं घेतलेल्या कुणालाही आधीच्या मालकाची पेन्सिल ओळखीची असेल. "उत्तर ४.७ पाहिजे." "आकृतीत बाण उलटा छापलाय." "ही पायरी गाळली आहे, मागचं पान बघ." कुणातरी सीनियरने परीक्षेच्या आदल्या रात्री डोकं आपटून शोधलेली ती चूक असते. त्या दुरुस्तीचा फायदा कुणाला? ते पुस्तक ज्याच्या हातात पडेल त्या एकट्याला. त्याच आवृत्तीच्या बाकीच्या सगळ्या प्रतींमध्ये बाण उलटाच. छापखान्याने लहियाच्या चुका थांबवल्या हे खरं, पण मूळ चूक असेल तर ती एकसारखी हजार घरी पोचवली, आणि वाचकापासून लेखकाकडे परत यायचा रस्ता काही बांधला नाही.

संगणकाच्या क्षेत्रातल्या जुन्या माणसांनी हा परतीचा रस्ता फार लवकर बांधला, आणि माझ्या मते आपल्या धंद्याची ही सगळ्यात चांगली सवय आहे. डोनाल्ड नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड १९६८ चा. पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते चेक पाठवू लागले. रक्कम पुढे २ डॉलर ५६ सेंटवर स्थिरावली, कारण हेक्साडेसिमलमध्ये १०० लिहिले की ते आपले २५६ होतात. चेक मिळालेले लोक तो वटवत नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावतात. २००८ मध्ये बँकखात्याच्या फसवणुकीच्या भीतीने नुथ यांनी खरे चेक बंद केले आणि एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. तरी लोक चुका शोधतातच. पैसा कधी मुद्दा नव्हताच.

७ एप्रिल १९६९ ला स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने आर्पानेटसाठी पहिला आरएफसी लिहिला. नावाचा अर्थच 'अभिप्राय कळवावेत'. इंटरनेटचे नियम आजही याच मालिकेत निघतात. एकदा प्रसिद्ध झालेला आरएफसी बदलत नाही. चुका सापडल्या की त्या वेगळ्या शुद्धिपत्रात जातात, आणि मोठा बदल असेल तर नवा क्रमांक देऊन नवा आरएफसी. म्हणजे मूळ ग्रंथाला कुणी हातच लावायचा नाही. मग ३ नोव्हेंबर १९७१ ला केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल आलं. त्यात प्रत्येक कमांडच्या पानाला ठरलेले भाग होते. त्यातल्या 'बग्ज' या भागात ही कमांड कुठे चुकते ते बनवणाराच सांगायचा, आणि 'ओनर' या भागात तक्रार कुणाकडे न्यायची त्याचं नाव. कुठल्याही पाठ्यपुस्तकात 'या धड्यातल्या चुका' असा भाग तुम्ही पाहिलाय का? मी तरी नाही.

२५ मार्च १९९५ ला वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली. होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून नाव घेतलं, अर्थ 'झटपट'. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया आला, आणि १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया. सगळ्यांना कौतुक 'संपादन' या बटणाचं. कुणीही बदल करू शकतं! पण नेवासे ते पैठण हा प्रवास पाहिल्यावर मला त्यात फारसं नवं दिसत नाही. पोथीतही कुणीही बदल करू शकत होतंच. नवं आहे ते शेजारचं 'इतिहास पहा' हे बटण. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सचं गिट आलं आणि हीच सोय प्रत्येक ओळीला मिळाली: ही ओळ कुणी, कधी आणि काय सांगून बदलली. सुकथनकरांच्या मंडळींनी दशकानुदशकं खपून जे पानाखाली मांडलं, ते आता एका कमांडवर फुकट मिळतं.

फुकट मिळालं की काय होतं ते ऑक्टोबर २०२० मध्ये दिसलं. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम २०१४ पासून चालत होता: ऑक्टोबर महिन्यात मुक्त प्रकल्पांना ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. कल्पना चांगली. पण त्या वर्षी महिना उजाडताच जगभरच्या प्रकल्पांवर कचऱ्याचा पाऊस पडला. रीडमी फाइल उघडायची, त्यात 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे शब्द घालायचे आणि पाठवून द्यायचं. एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथाची रेपॉझिटरीही त्यातून सुटली नाही. नमुना आला होता एका लोकप्रिय हिंदी चॅनेलच्या व्हिडिओतून. शिकवणाऱ्याने पद्धत दाखवायला म्हणून जे शब्द टाइप केले, तेच शेकडो विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे उतरवले. आयोजकांनी ३ ऑक्टोबरला नियम बदलला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल त्यातलंच काम धरलं जाईल. पण तोवर फुकट वेळ देऊन प्रकल्प सांभाळणाऱ्या लोकांचे कितीतरी तास ते बंद करण्यात गेले होते. आणि पाठवणाऱ्यांत आपल्याकडची मुलं इतकी होती, की भारतीय नावाची पुल रिक्वेस्ट म्हटली की आधी संशयानेच बघायचं, असं पुढे काही दिवस चाललं.

त्या मुलांना शिव्या घालणं सोपं आहे. मला त्यांच्यात जुना लहिया दिसतो. हेतू वाईट नव्हता, टी-शर्टचा मोह होता आणि 'आपलंही नाव तिथे असावं' ही हौस होती. स्वतःची ओवी मध्ये बसवणाऱ्याची हौस तरी दुसरी काय होती?

त्याच वर्षाअखेर आणखी एक गोष्ट घडली, तिचा या कचऱ्याशी संबंध नाही, पण दिशा तीच. वेब डेव्हलपर ज्याच्यावर जगतात ते मोझिलाचं एमडीएन २००५ पासून विकी होतं. बदल आधी दिसायचा, तपासणी झाली तर मागाहून. डिसेंबर २०२० मध्ये ते गिटहबवर गेलं. आता दुरुस्ती पाठवायची, दुसऱ्या माणसाने ती वाचायची, मग ती पानावर येते. दार अजून सगळ्यांना उघडं आहे, फक्त आत कुणीतरी बसलंय.

हे बसलेलं माणूस काय करतं ते मी अनुभवलंय. मी पाठवलेली पहिली दुरुस्ती एका शब्दाची होती. एका लायब्ररीच्या पानावर टाइमआउटचं एकक सेकंद लिहिलं होतं आणि कोड मिलिसेकंद धरत होता. पलीकडून प्रश्न आला: कुठल्या आवृत्तीपासून? मग जुन्या आवृत्त्या चाळल्या. एकक मध्येच एकदा बदललं होतं आणि पान मागे राहिलं होतं. शेवटी आत गेलं ते माझं एक शब्दाचं वाक्य नव्हतं, तर 'अमुक आवृत्तीच्या आधी सेकंद, नंतर मिलिसेकंद' असं वाक्य. चार दिवस लागले. पण आता जुनी आवृत्ती वापरणाराही फसणार नाही आणि नवी वापरणाराही. पोथ्या शेजारी ठेवून पाठ निवडणं म्हणजे हेच असणार, फक्त आमच्याकडे नागमोडी रेघ नाही.

यातून एक गोष्ट लक्षात आली. चूक दिसायला तज्ज्ञ असावं लागत नाही, उलट नवखा असलेला बरा. सुटलेली पायरी पहिल्यांदा वाचणाऱ्यालाच अडखळवते. आठवड्याभराने आपण ती मनातल्या मनात भरून वाचायला लागतो आणि मग ती दिसतच नाही. म्हणून 'आधी नीट शिकतो, मग दुरुस्ती पाठवतो' असं म्हणणाऱ्यांची दुरुस्ती कधीच जात नाही. मात्र दुरुस्त करताना पुरावा शोधावाच लागतो. दिसणं नवख्याचं, तपासणं अभ्यासकाचं, आणि आपलं शहाणपण मध्ये न घालणं नाथांचं.

आणि हे सगळं आत्ता का लिहितोय, तर लहिया परत आलाय. आपण आता मूळ पान कमी उघडतो आणि एआयला जास्त विचारतो. तो ही सार्वजनिक पानं वाचूनच शिकलेला असतो. विचारलं की स्वतःच्या शब्दांत नक्कल करून देतो. अपरिचित असेल तिथे ओळखीचं घालतो, पुसट असेल तिथे अंदाज लावतो, आणि कधीकधी अस्तित्वातच नसलेला एखादा पर्याय अगदी शुद्ध भाषेत बसवून देतो. त्या उत्तराखाली बहुतेक वेळा 'इतिहास पहा' नसतं. अशा वेळी कुठेतरी एक प्रत अशी लागते, जिच्यावरून बाकीच्या सगळ्या तपासता येतील. मूळ पानावर सेकंद असेल तर हजारो उत्तरांत सेकंदच येणार. तिथे मिलिसेकंद कुणीतरी करायला हवं.

तर 'कशाला रे'चं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. बघा पटतंय का. या आठवड्यात एखाद्या पानावर अर्धा तास अडकलात, तर सुटका झाल्यावर लगेच टॅब बंद करू नका. अजून पाच मिनिटं थांबा. काय अडलं, कुठल्या आवृत्तीत, कशावरून म्हणता, एवढं लिहा आणि पाठवा. मेसेजमध्ये 'फिक्स्ड' लिहू नका म्हणजे झालं.